बसून काढलेला फोटो

माझ्या फोनमध्ये एकाच कातळाचे इतके फोटो आहेत, की मुलीचे लहानपणापासूनचे सगळे एकत्र केले तरी तेवढे भरणार नाहीत, असं बायको म्हणते. त्यातला एक सोडला तर बाकी सगळे वाया गेले. निम्मा दोष कॅमेऱ्याचा आहे. उरलेला निम्मा कुणाच्या नावावर टाकायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आई गेल्यापासून रत्नागिरीत माझ्याकडे राहतात. त्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याने समोरचं तेवढं दिसतं, कडेचं नाही. नळीतून बघावं तसं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल तेही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्यातून निघून रिक्षात बसल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "सड्यावर आम्ही बसायचो, ते एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

आमचं गाव राजापूर तालुक्यात, आतल्या बाजूला. गावाच्या डोक्यावर उघड्या कातळाचं पठार आहे, तो सडा. त्यावर फार जुन्या काळी कुणीतरी खोदलेली एक मोठी आकृती आहे. आता अशा आकृत्यांना कातळशिल्पं म्हणतात, पाट्या लागल्या आहेत, लांबून गाड्या येतात. अण्णांच्या लहानपणी यातलं काही नव्हतं. ते आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, गुरं घेऊन वर जायची आणि त्या आकृतीत बसून भाकरी खायची.

अण्णांना तिथे नेणं शक्य नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि पाखाडीच्या पायऱ्या चढून पुढे खडबडीत कातळ तुडवायचा. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेऊ, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "पालखी काढतोस काय माझी? देव नाय झालो अजून." मग फोटो काढून आणायचा, असं ठरलं. ठरवलं मीच.

पहिल्या खेपेला मी दुपारी पोचलो. ऊन बरोबर डोक्यावर. दगडातली खाच बोटाच्या पेराएवढीही खोल नाही, त्यामुळे तिच्यात सावलीच पडत नव्हती. डोळ्यांना रेषा दिसत होती, चपलेखाली लागत होती, आणि फोनमध्ये येत होता नुसता काळपट दगड. जवळ गेलं की एक तुकडा, मागे सरलं की काहीच नाही. टेप धरून मोजलं. लांबी साडेअठरा फूट. उभ्या माणसाच्या उंचीवरून साडेअठरा फुटांची आडवी वस्तू सरळ येत नाही, हे गणित मला घरीच सुचायला हवं होतं. फोन फिरवत लांबट फोटो घेतला, तर आकृती केळ्यासारखी वाकली.

अण्णांनी फोन डोळ्याशी धरून बराच वेळ पाहिलं. "रस्त्याचं काम चाललंय का कुठं?" त्यांनी विचारलं.

रात्रीच्या जेवणाआधी मंडणगडहून आत्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"दादा, तो मासा रे. एवढा मोठा मासा, मला अजून आठवतो."

"मासाबिसा काय नाय. शेपूट कुठं होती त्याला?"

"तुला दिसली नसेल. तुला तेव्हा गुरं कुणाच्या शेतात शिरली तेसुद्धा दिसायचं नाही."

"आणि मग मार कुणी खायचा?"

"तूच. मोठा होतास ना."

आत्या हसत राहिली. मला मात्र आता एक काम मिळालं: शेपटीचा निकाल लावायचा.

दुसऱ्या खेपेला उन्हं कलताना गेलो, तर माझ्या आधी पाचसहा जणांचा एक गट तिथे पोचलेला. त्यांनी फोटोत उठून दिसावं म्हणून सगळ्या रेषांमध्ये पांढरी रांगोळी भरली होती. शेजारीच पाटी होती: आकृतीवर चालू नये, काही टाकू नये. मी पाटीकडे बोट दाखवलं.

"काका, पाण्याने जाते ती," त्यातली एक मुलगी म्हणाली.

"आणि पाणी कोण आणणार वर?"

"पाऊस येईलच ना जूनमध्ये. आणि आम्ही आर्टच दाखवतोय ना लोकांना."

पावसाला अजून चार महिने होते. पण भांडून रांगोळी निघणार नव्हती, म्हणून ते गेल्यावर मीही फोटो काढले. खोटं कशाला सांगू, उत्तम आले. काळ्या कातळावर शुभ्र आकृती, अंग, डोकं आणि मागे लांब शेपूट. मी त्यातला एक स्टुडिओतून मोठा छापून आणला आणि अण्णांच्या खाटेसमोर भिंतीला टेकवला.

"हे कुणाचं?"

"आपलंच, अण्णा. सड्यावरचं."

"नाय. त्याला शेपूट नव्हती."

"लहानपणचं सगळं तसंच्या तसं थोडंच लक्षात राहतं?"

"तुझं नसेल राहत."

आत्याला तोच फोटो पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: बघ, मासाच. दोन दिवस घरात मी आणि अण्णा एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. बायको म्हणाली, "अहो, शेपटीवरून अबोला धरणारी तुम्ही पहिलीच माणसं असाल."

मला कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवता येत नाही. रविवारी बाटलीभर पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन पुन्हा वर गेलो. शेपटीतली रांगोळी धुतली आणि रुंदी तपासली. खोदलेली रेषा सगळीकडे सारखी, दोन बोटं. शेपूट मात्र कुठे केसाएवढी, कुठे मूठ जाईल एवढी, आणि आकृती संपल्यावरही पुढे, संरक्षणासाठी भोवती रचलेल्या दगडी गडग्याखाली शिरलेली. ती कातळाची नैसर्गिक भेग होती. रांगोळी भरणाऱ्यांनी हाताला लागली ती खाच भरली होती.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. "मग?" ते म्हणाले. "मी दुसरं काय सांगत होतो?"

त्याच सुमाराला शहरात कातळशिल्पांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. ड्रोनवरून काढलेले, दाराएवढ्या आकाराचे. मला वाटलं, आता सुटलो. अण्णांना दुपारी, गर्दी कमी असेल म्हणून घेऊन गेलो. गर्दी होती. "फोटो काढू नयेत" अशा पाटीखाली माणसं फोटोंसोबत स्वतःचे फोटो काढत होती. काचेवर वरच्या दिव्यांचे गोळे पडले होते. प्रत्येक चित्राखाली गावाचं नाव आणि लांबी. पण उत्तर दिशा कुठली ते एकावरही नाही, आणि अंदाज यावा म्हणून बाजूला माणूस किंवा काठीसुद्धा ठेवलेली नाही. साडेअठरा फुटांची आकृती तळहाताएवढी असती तरी तशीच दिसली असती.

आमच्या गावचं चित्र कोपऱ्यात होतं. अण्णांच्या नजरेत ते सबंध मावावं म्हणून त्यांना दहाबारा फूट मागे उभं केलं. मधून माणसं जात होती. जरा थांबा म्हणालो, की थांबत होती, आणि पुन्हा जात होती.

"हे आपल्या गावचं?" अण्णांनी विचारलं.

"खाली लिहिलंय."

"असेल मग."

मला राग आला. तीन खेपा, एवढा मोठा छापील फोटो, आणि आता ड्रोनसुद्धा यांना पटत नव्हता. "अण्णा, याहून चांगला फोटो जगात कुणी काढू शकणार नाही," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.

"चांगलाच आहे. पण इतक्या वरून आम्ही कधी बघितलंच नाय. सड्यावर झाड नाय एक, चढणार कशावर?"

"मग तुम्ही बघायचात तरी काय?"

"बघायचो कुठं? बसायचो. टाच त्या खाचेत टेकायची, घसरायला नको म्हणून. तिथून ती रेघ सरळ जायची आणि वळायची. वळणावर तुझी आत्या. तिच्यामागं खाडी."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, शेपूट होती का. नव्हती."

चौथ्या खेपेला मी टेप नेला नाही. ऊन तिरकं झालं होतं आणि रेषेत सावली भरली होती. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे आकृतीचा अरुंद भाग शोधला, वहाणा काढून बाहेर ठेवल्या, खाली बसलो आणि टाच टेकवली. टाच बसली. पण समोर खाडी नव्हती, गडगा होता. चित्र राखायला घातलेला तो दगडी बांध बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या नेमका वर येत होता. उभं राहिलं की खाडी दिसे आणि रेषा चपटी होऊन नाहीशी होई. बसलं की रेषा दिसे आणि खाडी जाई. मी बराच वेळ उठत-बसत राहिलो. कुणी पाहिलं असतं तर व्यायाम करतोय असं वाटलं असतं. शेवटी फोन उजव्या गुडघ्याशी धरला, तेव्हा गडग्यात आत यायला ठेवलेल्या फटीतून पाण्याची एक पट्टी सापडली. फोटोत माझा अंगठा आला आहे, पाऊल अर्धं कापलं गेलं आहे आणि आकृती कसली आहे ते कुणालाही कळणार नाही.

घरी अण्णांनी फोन उजव्या डोळ्याशी धरला. सगळं एकदम दिसत नसल्यामुळे ते फोन हळूहळू सरकवत होते, जणू बोटाने ओळ धरून वाचताहेत. आधी खालची कड. मग रेषा. मग वळण. वळणाशी ते थांबले.

"हां," ते म्हणाले. "इथं ती." मग आणखी थोडं सरकवून, "पाणी आहे अजून."

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. ती अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होते. अण्णांनी फोन खाली घेतला नाही.

"गेलं," ते म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात.

"डोळा नाही, अण्णा, फोन बंद झाला. आणा इकडे."

"फोन होय?"

मी बोट लावून तो पुन्हा उजळून दिला. मग परत घेतला, सेटिंगमध्ये गेलो, आणि स्क्रीन बंदच होणार नाही अशी सोय कुठे आहे ते शोधत बसलो. तशी सोय त्या फोनमध्ये नाही. जास्तीत जास्त दहा मिनिटं. ती ठेवली आणि फोन त्यांच्या हातात दिला.