बर्फात ठेवलेली पिशवी

वृषाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या मागच्या पडवीत रबरी चादरी धूत होते. माझी धाकटी बहीण फोनवर नुसती "ताई… ताई…" करत राहिली. तिची मुलगी वृषाली पुण्यात तापानं आठ दिवस आजारी आहे, एवढं मला माहीत होतं. पुढचं तिनं न सांगताच कळलं. मी फोन ठेवला आणि उरलेल्या चादरी धुऊन टाकल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भात टाकते, गेटपर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते.

वृषाली रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला माझ्याकडे राहून शिकली. बहिणीच्या गावाहून शाळा लांब पडायची. पुढे ती पुण्याला गेली आणि तिथल्या प्रयोगशाळेत लागली. मी प्रसूतीच्या हॉस्पिटलात आया. बाळाची नाळ कापली की तिच्यात उरलेलं रक्त आम्ही वाया घालवायचो. वृषाली त्याच रक्तावर काम करते हे ऐकून मला हसू आलं होतं. तिनं सुट्टीत आल्यावर समजावलं, की त्या रक्तात मूळपेशी असतात. कुणाचं रक्त बनायचं थांबलं तर त्याच्या अंगात त्या सोडायच्या, मग नवं रक्त तयार होतं. पण एका नाळेतल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला कमी पडतात. म्हणून ती त्या बशीत वाढवत होती.

"मग वाढतात ना?" मी विचारलं.

"वाढतात गो मावशी, पण वाढता वाढता साध्या रक्तपेशी होऊन बसतात. मला त्या मूळच राहून वाढायला हव्यात."

"म्हणजे आपल्या पोरांसारखंच. वाढली की मुंबईला जातात, मुळाशी कोण राहतंय!"

ती इतकी हसली की चहा सांडला. मग म्हणाली, हे मी आमच्या साहेबांना सांगणार.

तिच्या मनात आणखी एक होतं. लांबच्या गावातून नेलेलं रक्त वाटेत टिकतं का, ते तिला बघायचं होतं. टिकलं तर आपल्याकडच्या बायकांच्या नाळाही कामी येतील, म्हणायची. आमच्या डॉक्टरबाई तयार झाल्या. मे महिन्यात ती स्वतः गाडी घेऊन आली. त्या दिवशी भाट्याची एक मुलगी बाळंत व्हायची होती. तिनं आनंदानं कागदावर सही केली, पण सासू अडून बसली.

"पुण्याला कशाला गो? आमच्या परसात जागा नाय काय नाळ पुरायला?"

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्या दिवशी बोलले. "आजी, वार नि नाळ तुम्हीच न्या. आतलं रक्त तेवढं द्या."

"मग ने जा. रक्त काय पुरत नाय कोण."

दुपारी पिशवी भरली. वृषाली तेवढ्यात आईला भेटायला गावी गेली होती, तीन तासांनी येणार होती. जाताना मला सांगून गेली होती, "मी आणलेल्या खोक्यात ठेव, सावलीत. बर्फ घालू नकोस."

मला वाटलं, गाडीत पाणी सांडेल म्हणून सांगते आहे. हॉस्पिटलात लागायच्या आधी मी किती वर्षं बंदरावर मासळी भरायला जायचे. ताजा माल, वर मे महिना, आणि बर्फ नाही… माझ्या हातांना ते पटेचना. मी बर्फ आणवला. खोक्याऐवजी एका डब्यात खाली बर्फ, वर बर्फ, आणि जास्त थंड व्हावा म्हणून त्यात खडेमीठ, जसं सुरमईला करायचो तसं. ती यायच्या आधी पिशवी काढली. दगडासारखी घट्ट झाली होती. झकास राहिली, असं मनाशी म्हणत पुसून खोक्यात ठेवली. वृषाली आली ती घाईतच, खोकं न उघडता गाडीत ठेवून निघाली.

गणपतीला वृषाली आली, पण त्या पिशवीचं नाव काढेना. खोदून विचारल्यावर म्हणाली, "त्यातलं काहीच वाढलं नाही, मावशी. सगळ्या पेशी फुटलेल्या. घाटात मी चहाला थांबले ना, गाडी उन्हात तापली. माझीच चूक."

मी विचारलं, थंडीनं फुटतात का?

"गोठल्या तर फुटणारच. आम्ही गोठवतो, पण औषध घालून, हळूहळू."

मोदकाची पारी माझ्या हातात होती. तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही… पण बाहेर आरती सुरू झाली आणि ती उठून गेली. नंतर दिवाळी आली, शिमगा आला. फोनवर ती दर वेळी विचारायची, "काय गो, गप्प का?" मी म्हणायचे, काही नाही.

गेल्या रविवारी तिची मैत्रीण शबाना पुण्याहून तिचं सामान घेऊन आली. वृषालीचं काम आता तीच पुढे करते आहे. तिनं मोबाइलवर वृषालीच्या वहीतल्या एका पानाचा फोटो दाखवला. शेवटी लिहिलं होतं, 'वाटेत तापलं. रत्नागिरीहून आणणं जमणार नाही.' खाली वृषालीची सही.

"म्हणून आम्ही रत्नागिरी सोडूनच दिली," शबाना म्हणाली.

मी उभ्यानंच सांगितलं. बर्फ, मीठ, पुसलेली पिशवी, सगळं. वाटलं, ही आता उठून जाईल. तिनं पर्समधून पेन काढलं.

"किती वेळ होती बर्फात?"

"तीन तास. थोडे कमीच."

"मीठ किती?"

"चार मुठी."

तिनं लिहून घेतलं. म्हणाली, "म्हणजे वाट वाईट नाही. पावसाळा संपला की पुन्हा बघू."

ती गेल्यावर मी पुन्हा गेटपर्यंत फेऱ्या मारत राहिले. वृषालीही रागावली नसती. तिनंही हेच विचारलं असतं. एका वर्षी आमचं आंब्याचं लोणचं बुरसलं, तेव्हा मी घरभर कपाळ बडवत फिरत होते आणि ही सातवीतली पोर बरणीपाशी उकिडवी बसून विचारत होती, "मावशी, मीठ किती घातलेलंस?"

तेव्हा मी तिला लगेच सांगितलं होतं.