मारणाऱ्या नवऱ्यांचे तीन रकाने

बायकोला मारणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती घेत दोन वर्षं परभणी जिल्हा फिरतेय. किस्से इतके साठलेत, की लग्नात कुणी "सध्या काय करता?" विचारलं तर मी सरळ "शिकवते" सांगून जेवायला बसते.

आमच्या मॅडम मानसशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांच्या फॉर्मवर तीन रकाने. फक्त घरातच मारणारा, संशयापायी मारणारा, आणि बाहेरही सगळ्यांशी मारामाऱ्या करणारा. मी विचारायचं आणि खूण करायची. सोप्पं काम!

*

पालमचे एक गुरुजी. इस्त्रीचा शर्ट, शुद्ध बोलणं.

"राग? मला? शाळेत विचारा, बँकेत विचारा!"

"आणि घरी, सर?"

"घरी कोण विचारतंय?"

*

झरीच्या एकानं मुलाखतीत बायकोला सहा वेळा फोन केला.

"घरीच हायस ना? मग कुकरची शिट्टी ऐकव!"

शिट्टी होईस्तोवर फोन कानाला. मग माझ्याकडं बघून लाजला. "लय जीव हाय हो ताई तिच्यावर."

*

वालूरच्या एकाला विचारलं, "वर्षभरात कुणाकुणाशी भांडण झालं?"

"कुणाशी झालं न्हाई ते विचारा. लवकर आटपंल!"

खरं सांगते, तसंच विचारलं. खूप थकले होते.

*

एकानं तर फॉर्मच माझ्या हातातून घेतला. तिन्ही रकाने वाचले.

"ताई, ह्यातला चांगला कोणता? त्याच्यात टाका मला."

मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "सगळे तेच विचारतात," म्हणाल्या.

*

मागच्या महिन्यात मी ज्याची मुलाखत घेतली, त्याची बायको परवा कॉलेजात आली. मांडीवर पिशवी धरून बसली.

"जिंतूरची गाडी साडेचारला हाय. त्याच्या आत सांगा, आमचा माणूस कोणत्या प्रकारचा?"

मॅडमनी फाईल काढली, पण उघडली नाही. ती कुणाला दाखवायची नसते.

"आजच का विचारताय?"

"मारतो, ते काय नवीन न्हाई. पण आज सकाळी उठून त्यानं मला चहा करून दिला. बारा वर्षांत पयल्यांदा! शेजारी बसला, म्हनला, पी, निवांत पी. मग लेकीला उचललं अन् तिच्या आत्याकडं सोडून आला. म्हनला, आज रातीला घरात आपण दोघंच."



मॅडमनी फाईल तशीच कपाटात ठेवली, गाडीची किल्ली घेतली.

"आत्याचं घर कुठंय, दाखवा. पोरीला घेऊ, आणि तिथून माझ्या घरी."