मुळगावची कंजूष भट्टी

तीस कप भाजायला दोन सिलिंडर! शेवटी नवऱ्याने हात जोडले, "बाई, त्यापेक्षा हॉटेल काढ." चिडले खरी, पण असंच चाललं तर माझं मातीकाम बंद पडणार हे मलाही कळत होतं. शेवटचा उपाय म्हणून ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा लेप, लावलेले तीस कप जुन्या साड्यांत गुंडाळले आणि कोल्हापूरहून गोव्यातल्या मुळगावला गाडी काढली. तिथल्या बाबलकाकांची भट्टी थोडक्या गॅसवर चालते असं ऐकलं होतं.

आंबोली, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. थांबत गेलात तर पाच तास धरा. घाटाच्या वळणांवर डिकीत किणकिण झाली की मी गाडी आणखी हळू करायची! डिचोलीच्या बाजारात चण्याची पातळभाजी आणि गरम उंडे, म्हणजे कडक सालीचे गोल पाव, अजिबात चुकवू नका. शंभराच्या आत पोट भरतं.

मुळगावात बाबलकाका वाट बघत होते. मूळचे सावंतवाडीकडचे, उभा जन्म खनिजाचे ट्रक दुरुस्त केलेले. खाणी थांबल्यावर मुलीच्या मातीकामासाठी त्यांनी भट्टी बांधली. जुनं तेलाचं पिंप, आतून उष्णता अडवणाऱ्या पांढऱ्या सिरॅमिक लोकरीचा जाड थर, खाली एवढासा बर्नर. बस्स!

मी ऐटीत या ब्लॉगवरचा फोटो दाखवला. माझ्या भट्टीच्या धुराड्यातून हातभर जाळ निघतोय तो, तुम्हा सगळ्यांना आवडलेला.

काका हसले. "भायर जळता तो गॅस तुझ्या कपांक काय कामाचो गो? काळो धूर सोडणारो ट्रक आणि तुझी भट्टी, दोघांचो रोग एकच. जळण जास्त, वारो कमी."

अरे देवा! पाच वर्षं मी वारा तापवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किती गॅस जळतो ते कळायला सिलिंडर काजू तोलायच्या वजनकाट्यावर ठेवून भट्टी पेटवली. धुराड्यातून जाळाचं टोक डोकावलं की काका गॅस केसभर कमी करत. मी मागे लागले, "वाढवा ना काका!"

"बस गो बाये, चाय पी."

दुपारी भट्टीच्या भोकातून पाहिलं, तर आत ठेवलेला मातीचा शंकू वाकलेला. म्हणजे हवी तेवढी आच मिळाली! मी ओरडलेच. सिलिंडर अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, भट्टी थंड झाल्यावर उघडली तेव्हा एकोणतीस कप झकास, एकाला तडा. तो काकांनी ठेवून घेतला.

त्यांच्या मुलीने दिलेल्या मापांवरून मी घरी तशीच भट्टी बांधली. जाळाचा फोटो काढून टाकलाय, शोधू नका. गेल्या रविवारी नवी भट्टी पहिल्यांदा पेटवली. नवरा चहा घेऊन आला, धुराड्याकडे बघून म्हणाला, "काय गं, विझली?"

मी त्याला आतला वाकलेला शंकू दाखवला, मग सिलिंडरखालच्या काट्यावरचा आकडा. तो त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला.

"हॉटेल राहू दे," म्हणाला. "मला एक मोठा मग कर."