शिंपीमामांचं छत

शिंपीमामांचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. झोपडीतून वाळूवर, वाळूवरून परत झोपडीत. अंडी तुम्हीच घातल्यासारखे काय फिरताय, असं मामींचं दोनदा म्हणून झालं.

दुकान बंद करून मामा नदीकाठी कासवांची अंडी राखू लागले, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या जातीची कासवं नदीतून संपतच आली होती. अंडी घालायला वर येणारी म्हातारी मादी एकच उरली होती. मामांनी तिची अंडी तळहाताच्या फोडासारखी जपली. कोल्ह्यांपासून राखायला जाळीचं कुंपण घातलं आणि ऊन लागू नये म्हणून स्वतःच्या मशीनवर जाड कापडाचं छत शिवलं. दुहेरी शिवण, कोपऱ्यांना पट्ट्या. असलं छत दुसऱ्या कुठल्या नदीवर नसेल, हे ते येईल त्याला ऐकवत.

यंदा संशोधक बाईंनी नदीत जाळं टाकून आधीच्या वर्षांची, मोठी झालेली पिल्लं तपासली. झाडून सगळे नर निघाले. मामांना सांगताना बाईंचाही आवाज पडला.

"मामा, यांच्यात नर की मादी ते वाळूच्या उबेवर ठरतं. गार वाळूत नर होतात. मीही आधी तपासायला हवं होतं."

मामांना चार लेकी. नदीत तरी मुलगे झाले की, म्हणून गावाने चिडवून घेतलं. मामा हसले नाहीत. इतकी वर्षं मायेपोटी आपण म्हातारीचा वंशच बुडवत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना.

म्हातारीची यंदाची अंडी बहुधा शेवटचीच होती. सकाळी मामांनी स्वतः कात्रीने छताच्या दोऱ्या कापल्या. बाईंनी वाळूत तापमापक पुरलं होतं. फारच तापलं तर ओलं पोतं टाकायचं ठरलं होतं. तापमापक सगळं ठीक म्हणत होतं, पण मामांचा त्यावर विश्वास बसेना. वाळूवर पाय ठेववत नव्हता. पिल्लं आत भाजून निघत असतील, असं सारखं वाटे. ते पोतं उचलत, तापमापक बघत, पोतं खाली ठेवत.

दुपार कलली तसे ते कुंपणाशी जाऊन उभे राहिले. तिथे जिवाला जरा बरं वाटलं. का, ते खाली बघितल्यावर कळलं. त्यांची सावली नेमकी अंड्यांवर पडली होती.

"भाजतंय, ठाऊक आहे मला, पोरींनो," मामा म्हणाले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उन्हात उभे राहिले.