रझिया मॅडमचा बेत

ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, गळ्याची आण! म्हणजे एक जागा सोडून. ती शेवटी सांगतो, आधी चहा घ्या.

माझी बायको निलंग्याजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. तिनं ठरवलं, पोरं आणि त्यांच्या आया मिळून मैदानात फांद्यांचा सुगरणीचा खोपा विणायचा. चार पोरं आत बसतील एवढा! शिकवायला बिदरच्या रझिया मॅडम, आणि चार वाजता बघायला थेट शिक्षणाधिकारी. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिनं मला काम सांगितलं, "अहो, मॅडमला फोन करून काय लागतं ते विचारा, अन् तेवढं आणा. नाक कापू नका माझं."

लावला फोन.

"डालियां तुम्हारे गांव में मिलते. बेत का बंदोबस्त तुम करो, भाईसाब."

"बेत ना? माझ्यावर सोडा! किती लोक?"

"पचास लोगां हाथ लगाते. पतला बी होना, मोटा बी होना. एक दिन पहले पानी में डालना, नरम पडता."

आता तुम्हीच सांगा, ह्याचा दुसरा काय अर्थ होतो? आमटी पातळ, पिठलं घट्ट, आणि मटकी आदल्या दिवशी भिजत!

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून पातेली उतरवली. मॅडम धावत आल्या.

"बेत किधर है?"

मी ऐटीत झाकण उचललं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! अजी, बेत! कुर्सी बुनते सो बेत!"

"वेत हो, वेत!" बायको ओरडली. "खोपा सुगरणीचा करायचा होता, तुम्हीच सुगरण झालात व्हय?"

तिचे डोळे भरून आले बघा. चार वाजता साहेबांना काय उसळ दाखवणार?

तेवढ्यात एका पोराची आजी, भागाबाई, पुढं झाली. "रडू नगा, बाई. वढ्याला निर्गुडी लई हाय. फोका वाकतात. आमी टोपल्या विणतो, खोपा काय आवघड? पर आधी वाढा, वास सुटलाय."

पन्नास जणं जेवली, ओढ्यावर गेली, आणि चारला खोपा उभा! जरा लातूरच्या बाजूला कललेला, पण उभा. साहेब आत मांडी घालून बसले, दोनदा उसळ मागून घेतली. बायको खुदकन हसली. म्हणाली, "बरं झालं, तुम्हालाच काम सांगितलं."

तर ही शेवटची दोन वाक्यं माझ्या पदरची.

खरं असं, की परवा मी सहज विचारलं, "आज काय बेत?"

तिनं कोपऱ्यातली निर्गुडीची फोक उचलली. "हा!"