बेटावरचे सुरय

मी हॉलंडमध्ये रायस्वाइकला यायला निघाले तेव्हा आईने बॅगेत सुके बांगडे कोंबले होते. बाबा कुडाळ स्टेशनच्या बाकावर पाठ करून बसले. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "थंय उपाशी रवू नको."

उपाशी नाही राहिले. आधी नवऱ्याच्या व्हिसावरची डिपेंडंट बायको, मग डच शिकून एका म्युझियमच्या गोदामात नोकरी. झूऑलॉजीची डिग्री एकदाची कामी आली.

परवा प्रदर्शनासाठी एका इंग्रज साहेबाने जमवलेले पक्षी काढायचे होते. दीडशे वर्षांपूर्वी तो उन्हाळाभर एका बेटावर तंबू ठोकून राहिला होता. लेबलावर आमच्याच गावासमोरचं बेट! मी हरखून खण ओढला आणि शिसारीच आली. सुरय पक्षी, ओळीने उताणे, सोलून, किडू नयेत म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोळलेले, डोळ्यांत कापूस. शेजारी फुंकून पोकळ केलेली अंडी. याला म्हणे निसर्गप्रेम!

माझी बॉस मार्लूस तशी भली बाई. ती कौतुकाने म्हणाली, "इतके माणसाळलेले होते, की त्याला बंदूकही लागली नाही. घरट्यावरच काठीने मारले. पाटीवर लिही, लोकांना गंमत वाटेल."

गंमत! आमच्याकडे विणीच्या दिवसांत त्या बेटाला होडी लागत नाही. वारं फिरलं तरी मासेमारीहून परतताना बाबा लांबून वळसा घालतात. "पिलां उडल्याशिवाय थंय पाय ठेवचो नाय." पिढ्यान्‌पिढ्या हा नेम पाळला, म्हणून त्या पाखरांना माणसाची भीतीच ठाऊक नव्हती. साहेबाला सगळं आयतं मिळालं.

"माणसाळलेले नव्हते ते," मी म्हणाले. "आम्ही त्यांना कधी घाबरवलं नव्हतं."

"मग तेही टाक की, खाली, बारीक अक्षरात."

मी पाटी लिहिणार नाही म्हणून सांगितलं. माझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपतंय. नवरा चिडलाय. मेलेल्या पाखरांसाठी नोकरी घालवणार का, म्हणतो. घालवीन कदाचित. पण त्या साहेबाची आरती माझ्या हातून होणार नाही, किळस येते.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आणि पिलांचा काय केल्यान?"

म्युझियममध्ये हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुम्ही इथले-तिथले सगळे विचारता, आता घर कुठलं म्हणतेस? जिथल्या माणसाला आधी पिलं आठवतात, ते.