फुटलेल्या सॉसेजचा रस्सा

"मॅडम, बघा तरी. आमच्या जेवायच्या ताटाला बी एवढं घासत न्हाई आम्ही," म्हणत सुमननं पातेल्यावरचं फडकं काढलं.

मी आत बोट घालून पाहिलं. आतडी पिवळीधमक झाली होती, आखडली होती, हाताला रबरासारखी लागत होती. बाहेर मांडवात पाहुणे जमायला लागले होते.

आधी काय भानगड होती ते सांगते. मी मांसाचे पदार्थ करायला शिकवते. म्हणजे डिग्रीच त्यातली आहे, लोक ऐकून गालात हसतात, हसोत बापडे. नांदेडच्या बाहेर विष्णुपुरीच्या वाटेवर आमचं लहानसं ट्रेनिंग सेंटर आहे. तिथं बचत गटाच्या बायकांना मी चिकन सॉसेज शिकवत होते. त्यात फार मोठं शास्त्र नाही. मशीनवर काढलेला चिकनचा खिमा बर्फ, मीठ, मसाला आणि तेल घालून चिकट होईपर्यंत वाटायचा. तो लगदा गारच राहायला हवा, गरम झाला की तेल वेगळं सुटतं आणि मेहनत पाण्यात जाते. मग मशीनच्या नळीवर बकऱ्याचं साफ केलेलं आतडं चढवायचं आणि त्यात लगदा भरायचा. या आतड्याला आम्ही केसिंग म्हणतो.

अडचण पुढे होती. आधीच्या गटांनी सॉसेज केले, पण घरी त्याचं करायचं काय हे कुणालाच कळेना. तळून काडीला लावून दिलं तर सासरे म्हणायचे, हे काय पोरांचं खेळणं? सगळा माल फ्रीजरमध्ये पडून राहायचा. आमचे साहेब वैतागले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, घरच्यांनी भाकरीसोबत खाल्लं पाहिजे. या बॅचच्या घरच्यांनाच जेवायला बोलवा. ताटं चाटूनपुसून परत आली तर मशीन गटाला."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही पनीर शिकवा."

पनीरशी माझं वैर नाही. पण मशीन सुमनला हवी होती. कंधारकडच्या एका खेड्यातल्या गटाची ती अध्यक्ष. सोयाबीन काढायला दुसऱ्याच्या रानात जाऊन जाऊन तिची कंबर गेली होती. मशीन घरी आली की रोजानं जाणं बंद, असं ती मला चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगायची. मशीन ठेवायला घरात एकच बरी खोली होती, समोरची, फरशीची. ती सासूची, गयाबाईंची. गयाबाईंचं म्हणणं गावभर माहीत झालं होतं: "आत काय भरलंय ते दिसत न्हाई, असलं म्या खात न्हाई. आन म्या जे खात न्हाई, ते माझ्या खोलीत व्हणार न्हाई."

म्हणजे शंभर ताटं चाटूनपुसून आली तरी उपयोग नव्हता. गयाबाईंचं एक ताट महत्त्वाचं होतं.

आता त्या पिवळ्या आतड्यांचं. आदल्या संध्याकाळी मी सुमनकडे मिठातली केसिंग दिली आणि गार पाण्यात भिजवून आण म्हणाले. आपल्याकडे बकऱ्याच्या आतड्याला बोटी म्हणतात आणि बोटी साफ करायची रीत सगळ्यांच्या हातात बसलेली आहे. कडकडीत पाणी, चुना, हळद, परत कडकडीत पाणी. मॅडमच्या कार्यक्रमात कुणी नाक मुरडायला नको म्हणून गटातल्या सगळ्या जणींनी बसून, एकमेकींवर नजर ठेवून, जीव ओतून धुतलं होतं. बोटीच्या कालवणाला ते उत्तमच. पण गरम पाण्यानं केसिंग शिजतं. शिजलेलं आतडं ताणलं जात नाही, फाटतं.

रागावणार कुणावर? मी म्हटलं, बघू, काही तरी टिकतील.

मशीन लावली. नळीवर आतडं चढवलं, सुमननं दांडा फिरवला. टरकन फाटलं. दुसरं लावलं, तेही गेलं. तिसऱ्याच्या वेळी लगदा थेट माझ्या ॲप्रनवर. सुमनचे डोळे भरून आले, पण दांडा फिरवायची काही थांबेना. चुलीवर रस्सा मात्र खदखदत होता. कांदा-खोबरं भाजून केलेला, येसर लावलेला. येसर म्हणजे धान्य-डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. लग्नाच्या आमटीला लावतात, एक मूठ पडली की वास पार रस्त्यापर्यंत जातो.

त्या वासानंच गयाबाई मांडवातली खुर्ची सोडून आत आल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात काठी. आल्या त्या सरळ मशीनपाशी. मला वाटलं, संपलं. आता ही बाई बघणार, हसणार आणि खोलीला कुलूप घालणार.

त्यांनी परातीत सांडलेला लगदा बोटानं उचलला, नाकाशी नेला.

"कोंबडीच हाय की."

"हाव आत्या. दुसरं काय असणार?" सुमन म्हणाली.

"लसूण, आलं, कोथमीर." त्यांनी परत वास घेतला. "मग एवढं झाकून कशाला ठिवता?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पुस्तकातलं. द्यावंसं वाटलं नाही. गयाबाईंनी काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला, हात धुतले आणि लगद्याचा गोळा मुठीत दाबून मुटका केला. बोटांचे वळ उमटलेला, लांबट. सॉसेजपेक्षा देखणा, खोटं कशाला बोलू. मग सगळ्याच मुटके वळायला बसल्या.

माझा जीव खरा टांगणीला लागला तो पुढे. केसिंग नसलेला लगदा खदखदत्या रश्शात टाकला तर फुटून त्याची खिचडी होणार. मी जाळ कमी करायला गेले तर गयाबाईंनी माझा हात धरला. न उकळणारा रस्सा शिजतो कसा, असा त्यांचा सवाल होता. मी म्हटलं, आजी, तुम्हाला पाहिजे तेवढा आधी उकळू द्या, पण मुटके सोडताना जाळ माझ्या हातात. त्यांनी जरा विचार केला आणि लाकडं मागे ओढली. मी एकेक मुटका कडेनं सोडला. खाली गेले, तिथंच बसले. मग एक वर आला, घट्ट, टम्म फुगून. त्याच्या मागनं सगळे आले. मी चक्क टाळी वाजवली, या वयात. सुमन हसत होती आणि नाकही पुसत होती.

मांडवात पंगत बसली. ज्वारीची भाकरी, मुटक्यांचा रस्सा, वर लालभडक तर्री. माणसं भाकरी चुरून ताटावर वाकली. गटातल्या एकीचे सासरे, तेही आधी याला खेळणंच म्हणाले होते, रस्सा दुसऱ्यांदा मागायला लागले. साहेबांनी वाटीत दोनदा चमचा फिरवला.

"मॅडम, सॉसेज कुठंय?"

फाटाफाटीतून एक सॉसेज साबूत राहिला होता. तो मी साहेबांसाठीच रश्शात सोडून ठेवला होता, नोकरी करायची असते. तो वाढला. त्यांनी खाल्ला, छान म्हणाले आणि मुटके परत मागितले.

गयाबाई सगळ्यांत शेवटी जेवायला बसल्या. त्यांनी ताट भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं, पाणी प्यायल्या आणि सुमनला एवढंच म्हणाल्या, "खोलीतला पलंग मागल्या घरात ने. मशीन उजेडाला ठिव, आल्या-गेल्याला दिसंल अशी."

सुमननं तिथंच मांडवात सासूला मिठी मारली. गयाबाई म्हणत राहिल्या, सोड गं, हात खरकटे हायेत. मला इतकं बरं वाटलं की मी साहेबांना पनीरवरून काही ऐकवलंही नाही.

मशीन आता त्या खोलीत, रस्त्याकडच्या दाराशी आहे. खिमा तिच्यावरच निघतो, मुटके वाफवून पाकिटात जातात, येसराची पुडी सोबत. कंधारचे लोक घरी नेतात आणि रस्सा करतात. आमच्या भाषेत याला स्किनलेस सॉसेज म्हणतात, हे मी साहेबांच्या रिपोर्टात लिहिलं. आतडं भरायची नळी गयाबाईंनी काढून घेतली आहे. डब्यातलं गोडेतेल बाटलीत ओतायला ती फार सोयीची पडते म्हणे.

पाकीट आकर्षक कसं करावं यावर मी पूर्वी एक अख्खा तास घ्यायचे. आता त्या तासाला परात मधे ठेवते आणि आत काय आहे ते आधी सगळ्यांना हात घालून बघायला सांगते.